डावा गडी, उजवा मालक

“मारुतीचं काय, बसून खातो.”

हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. आळंदच्या बाजारात ऐकलं, हुमनाबादच्या स्टँडवर ऐकलं आणि एकदा सख्ख्या मेहुण्याच्या तोंडून भर मांडवात ऐकलं. मेहुण्याशी मी त्या दिवसापासून बोलत नाही. तसाही तो बोलण्यासारखा माणूस नव्हता. या अंकाच्या संपादकांनी “तुमच्या कामाविषयी लिहा” असा निरोप धाडला, तेव्हा मी दोन अटी घातल्या. माझं वाक्य कापायचं नाही आणि नावापुढे ‘समाजसेवक’ छापायचं नाही. दुसरी त्यांनी लगेच मानली, पहिलीवर घासाघीस झाली. मी समाजसेवा केलेली नाही. धंदा केला, आणि चोख केला.

धंदा म्हणजे आजारी आणि म्हाताऱ्या माणसांचं रोजचं करणं. उठवणं, बसवणं, परसाकडं नेणं, आंघोळ, दाढी, धोतर, जेवण, चार पावलं चालवणं. धडधाकट माणसाला ही कामं आहेत हेच ठाऊक नसतं. सदऱ्याची बाही अवघड असते असं कोण म्हणेल? पण एक हात लाकडासारखा होऊन लोंबू लागला की बाही सापडतच नाही.

मी मूळचा आळंद तालुक्यातल्या खजुरीचा. शाळा अर्धी सोडून गुलबर्ग्याला गेलो, एका मोठ्या दवाखान्यात झाडू मारायला लागलो आणि हळूहळू वॉर्डात शिरलो. तिथं एक मल्याळी सिस्टर होती. तिचं मराठी मोडकं, माझं कानडी त्याहून मोडकं, पण शिकवणं पक्कं होतं. कपडा घालताना आजारी हात आधी, काढताना शेवटी. चालताना आधी काठी, मग आजारी पाय, मग चांगला. घास भरवताना हनुवटी खाली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ती दटावून सांगायची: जे रोग्याला थोडंसुद्धा जमतं, ते आपण करायचं नाही. पुढं वॉर्डातल्या मुकादमाशी माझं वाजलं. तो मला नको ते बोलला, मी त्याला हवं ते बोललो आणि दवाखान्याबाहेर पडून स्वतःचा धंदा सुरू केला. तेव्हा आमच्याकडं म्हैसूर राज्य होतं.

लोकांना कळत नाही ते इथंच. म्हातारा गुंडी लावायला अर्धा तास घेतो आणि मी समोर हाताची घडी घालून बसलेला असतो. घरची माणसं दारातून बघतात. त्यांना वाटतं, याला कशाला ठेवलाय? अहो, गुंडी मी एका झटक्यात लावून देईन. पण मग उद्याही मीच लावायची आणि परवाही मीच. ज्या दिवशी तो स्वतः लावतो, त्या दिवशी माझं काम एका गुंडीनं कमी होतं. स्वतःचं काम कमी करत जाणारा दुसरा धंदेवाला मला दाखवा. सुताराला कुणी विचारत नाही की बाबा, डिंक वाळेपर्यंत तू बसलास कामून?

गिऱ्हाइकं एकेक नमुना भेटली. निजामाच्या काळात पेशकार असलेला एक म्हातारा होता, तो ‘हुजूर’ म्हटल्याशिवाय दाढीला गाल पुढं करायचा नाही. मी सौदा केला: एका गालाला एक हुजूर, हनुवटी फुकट. महिनाभरानं तो स्वतःच आरशासमोर एका हातानं दाढी करू लागला आणि मला म्हणाला, “मियाँ, अब तुम हमारे किस काम के?” इतकी सुरेख हकालपट्टी माझी कधी झाली नाही. दुसरे आळंदचे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना मी आंघोळ घालायचो आणि ते माझं मराठी सुधारायचे. डोक्यावरून पाणी ओघळतंय, डोळे मिटलेले, आणि तरी म्हणायचे, “न्हाई नव्हे मारुती, नाही.” हे लिखाण तुम्हाला वाचता येतंय, ते त्या आंघोळींमुळं.

पण सांगायची गोष्ट हुमनाबादकडच्या दुबलगुंडी गावची आहे.

म्हैसूरचं कर्नाटक व्हायच्या सुमाराची. दसरा उलटून गेला होता. दुबलगुंडीच्या एका मराठा शेतकऱ्याचा मुलगा, माधव, मला शोधत आळंदला आला. अंगापिंडानं आडवा, पण चेहरा उतरलेला. चहाच्या हाटेलात बसून त्यानं सांगितलं, “आमच्या अप्पांना लकवा मारलाय. उजवी बाजू गेली. बोलणं बी गेलं. एकच शब्द ऱ्हायलाय.”

“कुठला?”

त्यानं आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, “मुडद्या.”

मला हसू आलं, पण सौद्याच्या वेळी हसू नये. मी अटी मांडल्या. मी खोलीत असताना घरातल्या कुणी मधे हात घालायचा नाही. झोळ पडलेली बाज काढायची आणि सपाट लाकडी पलंग आणायचा, कारण झोळातून लकवेवाला उठू शकत नाही. आणि माझं ताट अप्पांच्या ताटाशेजारी मांडायचं.

“ताट कामून शेजारी?”

“लकवेवाल्याचा घास अडकतो. गिळायलेत का न्हाई, ते बघावं लागतंय.”

हे खरंच होतं. पण आणखीही एक खरं होतं. बऱ्याच घरांत मला गोठ्याजवळ पान मिळायचं. ज्या हातांनी मी त्यांच्या बापाचं सगळं करायचो, ते हात त्यांना पंगतीत नको असायचे. हे मी कुठल्याच सौद्यात बोलून दाखवलं नाही. ताट मात्र दर वेळी मागितलं.

माधव सगळ्याला व्हय म्हणाला. मोबदला म्हणून वर्षाची ज्वारीही ठरली.

दुबलगुंडीला जाऊन बघतो तर अप्पा भिंतीला टेकवून ठेवलेले. भरदार मिशा, एका बाजूला ओघळलेलं तोंड आणि डोळे मात्र बाजारातल्या दलालासारखे जागे. लेक घास भरवतोय, गडी वारा घालतोय. घरात भक्ती इतकी, की माशी हाकायचं कामसुद्धा त्या माणसाकडं उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा त्यांच्या मांडीवर ठेवला, आजारी हात बाहीच्या तोंडाशी नेऊन दिला आणि समोर बसलो. अप्पांनी सदऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आपला एकुलता एक शब्द मला दिला. मी म्हटलं, “व्हय, मीच तो. वढा बाही.”

ऊन उंबऱ्यावरून आत आलं तरी बाही कोपरापर्यंतच होती. दारात सूनबाई, कमलबाई, पदर सावरून उभ्या. बाई हुमनाबादच्या व्यापाऱ्याची लेक, जिभेवर मिरची वाटलेली.

“काय करायलाव तुमी?”

“बसलोय.”

“ते दिसायलंय,” म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी माझं ताट बाहेर ओसरीवर मांडलेलं. मी विचारलं, तर बाईंनी आतूनच सांगितलं, “पाव्हणेरावळे येतेत. बरं दिसत न्हाई.” माझं डोकं फिरलं. पिशवी उचलली आणि विहिरीपर्यंत गेलो. माधव मागं धावत आला. भर रस्त्यावर आम्ही भांडलो. शेवटी सौदा निम्म्यावर मिटला: माझं ताट अप्पांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर, जिथून त्यांचं तोंड दिसेल. उंबरा मधे राहिलाच. तो मी विसरलो नाही.

आता जेवणाची गंमत सांगतो. अप्पांचा डावा हात चांगला होता, पण त्या हातानं ते जेवायला तयार नव्हते. जन्मात डावा हात अन्नाला लावलेला नाही. डाव्या हातात भाकरीचा तुकडा दिला की फेकायचे. त्यापेक्षा लेकाच्या हातचं लहान पोरासारखं खातील. आमच्या भागात कुठलाही म्हातारा हेच करील. मी एक दिवस त्यांच्याशी सौद्याला बसलो.

“अप्पा, शेतात मालक राबतो का गडी राबतो?”

अप्पांनी दारातल्या गड्याकडं डोळे वळवले.

“उजवा हात मालक. त्याचं वय झालंय. त्याला ताटात मानानं बसवा. डावा गडी. मालकासमोर गड्यानं काम केलं तर पाप कसलं?”

असं म्हणून मी त्यांचा उजवा पंजा उचलून भाकरीच्या कडेवर ठेवला. हातात जीव नव्हता, पण वजन होतं. त्या वजनाखाली भाकरी हलेना आणि डाव्या हाताला तुकडा नीट मोडता येऊ लागला. अप्पांनी पंजाकडं बघितलं. मग लांब, खालच्या पट्टीत म्हणाले, “मुडद्या.”

तोवर मला त्या शब्दाचे भाव कळू लागले होते. पाणी हवं असलं की तो आखूड यायचा. लेकाचा राग आला की मधेच चढायचा. देवघराकडं बघून म्हणत तेव्हा अगदी हळू. आणि आत्ताचा हा होता, भाव पटल्यावर बाजारात माणूस मान डोलावतो तसा. त्या दिवशी अप्पांनी अर्धी भाकरी आपल्या हातानं खाल्ली. अर्धी सांडली. कमलबाईंनी केरसुणी घेतली तेव्हा माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मीच सांडली.

असे दिवस जात होते आणि येळवस जवळ आली.

बाहेरच्या वाचकांना सांगायला पाहिजे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-उदगीरपासून आमच्या बिदर-गुलबर्ग्यापर्यंत गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची कोप उभारून तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड पुजायचे. भज्जी, ज्वारीच्या पिठाचे उंडे, गव्हाची खीर, ताकातली आंबील. भज्जी म्हणजे तेलातली भजी नव्हेत. सगळ्या हिरव्या भाज्या, तुरीचे दाणे, हरभरा एकत्र शिजवलेला तो घट्ट पदार्थ, जो पुण्या-मुंबईकडं मागूनही मिळत नाही. आणि घरचा कर्ता पुरुष डहाळीनं आंबील चारी कोपऱ्यांना शिंपतो, आरोळी देतो, बाकीचे साद देतात. वर्षाचं पीक त्या शिंपण्यावर, असं मानतात.

अप्पांनी बाप गेल्यापासून हे शिंपणं एकदाही चुकवलं नव्हतं. माधवनं पलंगाजवळ उभं राहून, मनात काही वाईट न आणता, सांगून टाकलं, “यंदा मी शिंपतो अप्पा. तुमी घरीच ऱ्हावा. आराम करा.”

अप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाहीला हात लावला नाही. शब्दसुद्धा काढला नाही. लकव्यानं जे केलं नव्हतं ते लेकाच्या मायेनं केलं. मला दिसत होतं, हा माणूस आता पुन्हा भिंतीला टेकणार, आणि या खेपेला तिथंच राहणार.

मी माधवला अंगणात गाठलं.

“आंबील अप्पा शिंपतील.”

“येड लागलंय का? मडकं फुटलं तर वर्ष फुटलं म्हणतेत. सगळं गाव बघतंय.”

“मडकं कमलबाईंच्या कडेवर. अप्पांच्या हातात नुसती डहाळी.”

“आन् पडले तर?”

“मागं मी हाय.”

“तुमी?” माधव म्हणाला. “तुमी तर बसलेले असताव.”

अंगाची आग झाली. तोंडाशी आलेलं सगळं गिळलं, कारण रागात केलेला सौदा महाग पडतो. मी म्हटलं, “ऐका. येळवशीच्या आदल्या दिवशी अप्पा या उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत काठीनं जातील, आपल्या पायावर उभे ऱ्हातील आन् बैलांवर पाणी शिंपतील. झोक गेला तर माझी ज्वारी तुमाला सोडली, मी मोकळ्या हातानं आळंदला जातो. न्हाई गेला, तर शेतात शिंपणार तेच. आन् कुणी त्यांना हात लावायचा न्हाई.”

ज्वारी वाचते म्हटल्यावर माधवचा विरोध जरा मऊ पडला. आतून भांडी घासायचा आवाज थांबला होता. बाई ऐकत होत्या.

खोलीत येऊन मी अप्पांना सौदा सांगितला, ज्वारीसकट. तोंड भिंतीकडंच होतं. पण मिशी हलली.

मग आमची तालीम सुरू झाली. मी त्यांच्या कमरेला जाडं उपरणं घट्ट गुंडाळायचो. त्यांना वाटायचं पोशाख आहे. खरं तर ती माझी पकडायची जागा. आधी चार पावलं, मग सहा, मग गोठ्याची दावण. तिथं काठी मनगटाला अडकवायची, उजवा पंजा लिंबाच्या डहाळीवर ठेवायचा आणि डाव्यानं खालून दोन्ही धरायचं. मालक वर, गडी खाली. मग बादलीत बुडवून फेकायचं. मार्गशीर्षातल्या थंडीत गार पाणी अंगावर पडलं की थोरला बैल फुरफुरून असा बघायचा, जसं काही त्याचं कुणी दिवाळं काढलं. शेजारची माणसं कुडावरून डोकी काढून म्हणायची, “अप्पा, बैलाची आंघोळ का?” अप्पा त्यांनाही शिंपायचे. अर्ध्या तोंडानं हसायचे. ते हसणं वाकडं होतं, पण घरात दसऱ्यापासून तेवढंच एक होतं.

आणि मी? मी दावणीच्या दगडावर बसलेला असायचो. उपरणं हाताच्या अंतरावर.

आदल्या दिवशी परीक्षा झाली. माधव, कमलबाई, गडीमाणसं, सगळे अंगणात. अप्पा गेले, उभे राहिले, डहाळी बुडवली आणि पहिलं पाणी बैलांवर न टाकता लेकाच्या नव्या धोतरावर टाकलं. “मुडद्या,” म्हणाले. याचा अर्थ विचारायची कुणाला गरज पडली नाही.

येळवशीला बैलगाडीनं निघालो. करडई फुललेली, ज्वारी पोटऱ्यात आलेली, आजूबाजूच्या शेतांत कोपीच कोपी. गाडीतून उतरल्यावर माझी चूक ध्यानात आली. अंगणात ढेकळं नसतात, हे मला सुचलंच नव्हतं. काळी माती. काठी एका ठिकाणी रुते, दुसऱ्या ठिकाणी घसरे. अप्पा दोन पावलांनंतर थांबले. माधव माझ्याकडं बघू लागला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. अप्पांच्या कानाशी म्हटलं, “आधी काठी. मग मालक पाय. मग गडी पाय. घाई कुणाला हाय?”

घाई नव्हती, हे खरं. आजूबाजूच्या शेतांतले लोक आपापल्या पूजा थांबवून बघत होते.

पहिल्या कोपऱ्यावर पोचलो. अप्पांनी काठी मनगटाला अडकवली. मी पंजा डहाळीवर ठेवून दिला आणि मागं सरलो. कमलबाई आंबिलीचं मडकं कडेवर घेऊन पुढं आल्या. अप्पा डहाळी बुडवायला वाकले आणि डावीकडं झोक गेला.

माधव झेपावलाच. माझा हात उपरण्याशी होता, पण मी पकडलं नाही, कारण डावा पाय मातीत रोवला गेलेला मला दिसत होता. आणि त्याच वेळी कमलबाई, मडकं न हलवता, नवऱ्याला म्हणाल्या, “मागं सरा. हात लावायचा न्हाई. ठरलंय ते ठरलंय.”

माधव होता तिथं थांबला. अप्पा सावरले. डहाळी बुडाली, वर आली आणि आंबिलीचे थेंब ज्वारीवर उडाले. आता आरोळी. माधवनं त्यांच्या वतीनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी अप्पांनी छाती भरून, चारी शिवारांना ऐकू जाईल असं म्हटलं, “मुडद्याऽऽ!”

मग शेजारच्या कोपीवरून एका म्हाताऱ्यानं साद दिली, “हर हर महादेऽऽव!” त्याच्या पलीकडच्यानं दिली. मग सगळ्यांनीच. चारी कोपऱ्यांवर अप्पांनी पिकाला तीच शिवी दिली आणि चारी वेळा शिवारानं महादेवाचं नाव घेतलं. त्या वर्षी ज्वारी चांगली आली. मी शिवीचा गुण म्हणत नाही. पण वाईट नक्कीच झालं नाही.

जेवणाची पंगत कोपीसमोर घोंगड्यांवर पडली. हुमनाबादचे व्याही-पाव्हणे आलेले. मी नेहमीप्रमाणं माझी पत्रावळ घेऊन गाडीच्या चाकाशी गेलो. तिथून अप्पांचं तोंड दिसत होतं, तेवढं पुरे. भज्जी वाढली, उंडे वाढले, खीर वाढली. अप्पांनी उजवा पंजा मानानं ताटाच्या कडेला बसवला. पण डावा हात काही हलेना. थोरला माणूस घास घेईना म्हणून पंगत खोळंबली.

“अप्पा, जेवा की,” माधव म्हणाला.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग डाव्या हातानं शेजारची घोंगडी थोपटली. एकदा, दोनदा. “मुडद्या,” म्हणाले. मान हलवली, तो शब्द नको होता. ओठ वळवायला लागले, गळ्याच्या शिरा ताणल्या. पंगतीतलं कुणी हललं नाही. बाही कोपरावर अडकली की मी जसा बसायचो, तसेच सगळे बसून राहिले. कुणी शब्द पुरवला नाही.

“बस,” अप्पा म्हणाले.

आणि थोड्या वेळानं, “जेव.”

माधवनं तोंडावर उपरणं धरलं. कमलबाईंनी हातातली पळी भांड्यात ठेवली, चाकाजवळ येऊन माझी पत्रावळ उचलली आणि स्वतः नेऊन अप्पांच्या शेजारी मांडली. व्याह्यांकडं त्यांनी बघितलंही नाही.

अप्पांनी त्यानंतर तीन येळवशी शिंपल्या. शब्द आणखी थोडे आले, पण पहिल्यावर त्यांचा जीव शेवटपर्यंत राहिला. आता लेक-सुना पुण्या-हैदराबादेला असतात, म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीत बसवतात आणि कुणाला अर्धा तास बसून बघायला वेळ नसतो. माझ्यानंतर हे काम हातात घेईल असा कुणी मला मिळाला नाही, याचं वाईट वाटतं. मेहुण्याशी अजून बोलत नाही, याचं वाटत नाही.

त्या दिवशी मी घोंगडीवर मांडी घालून बसलो. भज्जी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा कमलबाई तुपाची वाटी घेऊन वाकल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “काय करायलाव तुमी?”

“बसून खायलोय,” मी म्हटलं.

“ते दिसायलंय,” म्हणाल्या आणि अख्खी वाटी माझ्या खिरीत ओतली.